अकरा लेख आणि एक पोट

संचालकसाहेबांना कॉलेजात सगळे मागून 'गोषवारा' म्हणत. कारण उघड होतं. साहेबांनी उभ्या आयुष्यात कुठलाही शोधनिबंध गोषवाऱ्याच्या पुढे वाचलेला नव्हता, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. जे शेवटपर्यंत वाचत, ते अजून व्याख्यातेच होते.

सोमवारी साहेब स्वतः जिना उतरून ग्रंथालयात आले, तेव्हाच ताईच्या मनात पाल चुकचुकली. हजेरीपटावर ती साहाय्यक ग्रंथपाल होती. बाकी शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांची ताई. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं आणि एवढ्या वर्षांत संचालक ग्रंथालयात दोनदाच आले होते. एकदा फीत कापायला, एकदा छत गळलं तेव्हा.

"ताई, शुक्रवारी परिषद आहे. विषय आहे, स्वादुपिंडाचा कर्करोग आणि आपल्या प्रदेशातल्या संशोधनाची स्थिती. अहवाल मी लिहून काढलाय. फक्त आतला मजकूर राहिलाय."

"मग लिहिलंय काय, साहेब?"

"गोषवारा," साहेब म्हणाले आणि दोन पानं टेबलावर ठेवली.

ताईने वरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. स्वादुपिंड. नऊ वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ याच आजाराने याच इमारतीत, वॉर्ड नंबर चारमध्ये गेला होता. साहेब तेव्हा दुसऱ्या शहरात होते. त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

काम सोपं होतं. प्रदेशातल्या पाच कॉलेजांतून दहा वर्षांत या आजारावर अकरा लेख आले होते, आणि प्रत्येक लेखात एका रुग्णाची हकिगत होती. ते काढायचे आणि तक्ता करायचा: वय, व्यवसाय, उपचार, शेवटची स्थिती. आणि एक खास गोष्ट. साहेबांचा आवाज खाली आला, जणू कपाटातली पुस्तकं बाहेर जाऊन सांगतील.

"काही लेखांत स्कॅनवर एक पांढरा ठिपका दिसल्याचा उल्लेख आहे. ताऱ्यासारखा. चारी बाजूंना किरणं फुटल्यासारखा. जगात कुठे कुणी नोंदवलेला नाही. सगळ्यांच्या चित्रांत तो आहे का, तेवढं बघा. अकराच्या अकरांत निघाला, तर ताई, आपल्या प्रदेशाचं नाव होईल. मी त्याला 'तारकाचिन्ह' म्हणतोय."

"बरं," ताई म्हणाली.

दुपारपर्यंत तिने अकराही अंक शोधून काढले आणि चित्रांची पानं उघडून वाचनाच्या लांब टेबलावर ओळीने मांडली. अकरा पोटं. पोटाचा उभा छेद, काळापांढरा. आणि अकराही चित्रांत, उजवीकडे खाली, चमचमणारा एक ठिपका.

ताईने खुर्ची पुढे ओढली.

तो तारा तिने पाहिला होता. नऊ वर्षांपूर्वी, दिव्याच्या पाटीवर, दादाच्या शेजारी उभं राहून. स्कॅनवाला डॉक्टर म्हणाला होता, "हे काय हो?" आणि दादा पोट धरून, तशाही अवस्थेत हसला होता. "ते गजराच्या घड्याळाचं चाक आहे, डॉक्टर. सहा वर्षांचा असताना गिळलं. आईने चार दिवस वाट बघितली, पण ते काही बाहेर आलं नाही." चाक अपेंडिक्समध्ये जाऊन बसलं होतं ते तिथेच राहिलं. ज्याच्या पोटात चाक, त्याने पुढे घड्याळं दुरुस्त करायचं दुकान काढलं. बाप म्हणायचा, याचं शिक्षण आतूनच झालंय.

तिने अकराही लेख पहिल्या शब्दापासून शेवटच्या संदर्भापर्यंत वाचून काढले. ते काम या इमारतीत पूर्वी कुणी केलं नसावं.

पहिला लेख खरा होता. रुग्ण पुरुष, वय बावन्न, घड्याळदुरुस्ती. तो लेख छापून आला तेव्हा दादा जिवंत होता. ताईनेच त्याची प्रत वॉर्डात नेऊन दाखवली होती. दादाने उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "फोटो बरा आलाय. चेहरा नाही, हे एक बरं."

दुसऱ्या लेखात तो त्रेपन्न वर्षांचा झाला. तिसऱ्यात चोपन्न, आणि किरकोळ व्यापारी. मग डॉक्टरांच्या बदल्या होत गेल्या आणि त्यांच्या सामानाबरोबर फाईलच्या नकलेचीही बदली होत गेली. माणूस एका जागी मेला. फाईल पाच शहरं फिरली. दर बढतीला एक लेख लागे, आणि तपासण्या, तपासायला काढलेला तुकडा, शस्त्रक्रिया असं सगळं जिथल्या तिथे असलेली ही एवढीच फाईल होती. मेल्यावरही दादाचं वय दरसाल वाढत होतं. यंदाच्या लेखात तो एकसष्ट वर्षांचा होता. मधे एका लेखात तो अठ्ठावन्न वर्षांची गृहिणी झाला होता आणि त्याची दोन बाळंतपणंही सुखरूप पार पडली होती.

चाकाचं प्रत्येकाने आपापल्या परीने केलं होतं. एक म्हणे शस्त्रक्रियेतली क्लिप, दुसरा म्हणे कॅल्शियम, तिसरा म्हणे जागा सोडून खाली उतरलेला पित्ताचा खडा. चौथ्याने छापखान्यावर ढकललं. पाचव्याला मात्र तारा दिसला, आणि मग पुढच्या सगळ्यांना दिसायला लागला.

शेवटच्या रकान्यात दहा जणांनी लिहिलं होतं: प्रकृती समाधानकारक. अकराव्याला थोडी लाज असावी. त्याने लिहिलं होतं: 'रुग्ण पुढील तपासणीस आला नाही. बराच प्रयत्न करूनही नातेवाइकांशी संपर्क होऊ शकला नाही.'

हा अकरावा याच कॉलेजातला होता. रोज दुपारी याच ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला यायचा. नातेवाईक त्याला पेपर काढून द्यायची.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग तिने साहेबांची दोन पानं वाचली. तिसऱ्या परिच्छेदात होतं: 'आपल्या प्रदेशात हा आजार विरळा व सौम्य असून एक्याण्णव टक्के रुग्ण चांगला प्रतिसाद देतात.' आणि त्याखाली शिफारस: 'ज्या रुग्णाच्या स्कॅनवर तारकाचिन्ह नाही, त्याच्या बाबतीत पुढील महागड्या तपासण्यांची गरज नाही. तसे परिपत्रक सर्व रुग्णालयांना पाठवावे.'

म्हणजे ज्याने लहानपणी गजराचं चाक गिळलं नसेल, त्याने आम्लपित्ताच्या गोळ्या खाव्यात आणि घरी जावं.

दादालाही सात महिने त्याच गोळ्या दिल्या होत्या. तीन डॉक्टरांनी. वजन उतरत होतं, पाठीत कळा येत होत्या, आणि तिघांचंही एकच पालुपद होतं: "तो आजार आपल्याकडे नसतो हो." कशावरून नसतो, असं ताईने तेव्हा विचारलं नव्हतं. असले समज कसे तयार होतात ते आता तिच्यासमोर टेबलावर होतं.

ती आधी टक्केवाल्याकडे गेली. टक्केवाला म्हणजे संख्याशास्त्राचा माणूस. भला होता, पण त्याला आकड्याच्या मागचा माणूस दिसला की गोंधळायला व्हायचं.

"हे अकरा नाहीत. एकच आहे," ताई म्हणाली. "माझा भाऊ आहे."

टक्केवाल्याने अकरा पोटं पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. "अरे देवा," तो म्हणाला. मग: "पण ताई, एकावर टक्के नाही काढता येत."

"का नाही? शंभर टक्के मेला."

"तसं नव्हे हो. शास्त्र म्हणून..."

"शास्त्राला तो बाई झालेला चालला, मेलेला चालत नाही?"

टक्केवाल्याने अंक मिटून तिच्याकडे सरकवले. "साहेबांना सांगा," तो म्हणाला. "माझं नाव मधे घेऊ नका. पोरीच्या प्रवेशाचं त्यांच्याकडेच आहे."

साहेबांनी ताईचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेणं ही त्यांची विद्याच होती. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या भावना मी समजू शकतो."

"भावना राहू द्यात. चित्रं बघा."

"बघितली. ठिपका आहे. सगळ्यांत आहे."

"सगळ्यांत नाही, साहेब. एकात! एकाच माणसाच्या पोटातलं ते चाक आहे!"

"गजराच्या घड्याळाचं?"

"हो!"

साहेबांनी चित्रांची पानं बाजूला सारली. "हे सिद्ध कसं करणार?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण अकरा लेख आहेत, अकरा लेखक आहेत. त्यातला एक परीक्षा मंडळावर आहे. एक माझ्या वरच्या जागी आहे. हे सगळे एका माळेचे मणी असतील असं म्हणायचं, तेही ग्रंथालयातून... बरं, आपण असं करू. अहवालाच्या शेवटी आभार असतात, त्यात तुमचं नाव घालू. भावाचंही घालू."

"भावाचं? कुठला भाऊ? बावन्नचा की एकसष्टचा? की ती गृहिणी?"

"ताई, आवाज."

"नऊ वर्षं आवाज नव्हताच! वरच्या मजल्यावर माणूस तडफडून मेला आणि खालच्या मजल्यावर लिहिताय, संपर्क झाला नाही! अडतीस पायऱ्या आहेत मधे, मी मोजल्यात. रोज डबा घेऊन चढत होते!"

बाहेरचा शिपाई दाराशी आला आणि ताईला बघून परत गेला. साहेबांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "अहवाल शुक्रवारी जाईल," ते हळूच म्हणाले. "तक्ता उद्यापर्यंत द्या."

ताई पाणी प्यायली नाही. ती सरळ तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. तिथल्या माणसाला तिने चाळीस कादंबऱ्या घरी नेऊ दिल्या होत्या, परत कधी मागितल्या नव्हत्या. त्याने निमूटपणे मूळ फाईल काढून दिली. तिला दादाची सही बघायची होती, एवढंच. संमतीपत्रावर ती होती, बारीक, काटेकोर. सही करताना तो म्हणाला होता, "वापरा हो. माझं दुकान बंद पडलं तरी दुसऱ्या कुणाचं चालू राहील."

सहीच्या खाली मुंगीच्या अक्षरांत चार ओळी होत्या. ताईने त्या वाचल्या, कारण वाचणं हा तिचा धंदा होता. 'रुग्ण, अथवा त्याच्या पश्चात त्याची पत्नी, ही संमती केव्हाही व कारण न देता मागे घेऊ शकते. तसे केल्यास रुग्णाची माहिती व चित्रे सर्व लेखनातून काढून टाकणे संस्थेवर बंधनकारक राहील.'

तिने त्या चार ओळी पुन्हा वाचल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

दुकान आता वहिनी चालवत होती. घड्याळं फारशी येत नव्हती. पट्टे बदलणं आणि सेल घालणं यावर चाललं होतं. ताई आत शिरली तेव्हा वहिनी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाचं झाकण उघडत होती.

"या वन्सं. आज इकडे कुठे? आणि चेहरा असा का? कुणाला खाऊन आलात की खायला निघालात?"

ताईने सगळं सांगितलं. वहिनीने भिंग काढलं नाही, त्यामुळे तिचा एक डोळा ताईला शेवटपर्यंत मोठ्ठा दिसत राहिला.

"बाई झाले होते?" वहिनीने मधेच विचारलं.

"अठ्ठावन्नची. दोन बाळंतपणं."

"माझं एक करताना तोंडाला फेस आला आणि यांची दोन सुखरूप." वहिनी हसली, आणि हसता हसता तिने झाकण असं दाबलं की ते उडून कपाटाखाली गेलं. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं मेल्यांनी. एकाने नाही, अकरांनी. ओळीने बसून!"

ताईने संमती मागे घेत असल्याचा, लिहून आणलेला कागद पुढे केला. "तुम्ही संमती मागे घेतली की अकराही लेखांतून दादा बाहेर. मग लेखांत काही राहतच नाही. तारा जातो, टक्के जातात, परिपत्रक जातं."

वहिनी कागदाकडे बघत राहिली. "आणि हे? हे पण जातात?"

"हो."

"सगळीकडून?"

"सगळीकडून."

"नाही," वहिनी म्हणाली. "सही नाही करायची मी. वन्सं, त्यांच्याजवळ द्यायला तेवढंच होतं हो. पोट उघडून दिलं. लोकांच्या कामी येईल म्हणून शेवटच्या महिन्यातसुद्धा सुया टोचून घेतल्या. आणि मी म्हणू, ते आलेच नव्हते म्हणून? मग नऊ वर्षं मी कुणाची बायको होते?"

"आत्ता काय आहे मग? बढतीची शिडी झालाय तो! तुमचा नवरा दाखवून उद्या दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याला गोळ्या देऊन घरी पाठवतील. त्या बाईला काय सांगणार तुम्ही?"

"मला ओरडू नका."

"मग कुणाला ओरडू? जो तो म्हणतो मला ओरडू नका!"

दारात एक गिऱ्हाईक आलं होतं. दोघींकडे बघून ते म्हणालं, "नंतर येतो," आणि गेलं.

मग वहिनीने भिंग काढून ठेवलं.

"शेजारणीला वापरायला कढई दिली," ती सावकाश म्हणाली, "आणि ती तिने गहाण टाकली, तर आपण जाऊन आणतो की नाही? आणतो. म्हणजे कढई दिलीच नव्हती असं होत नाही. द्या इकडे पेन."

तिने सही केली. तारखेच्या जागेशी थांबली.

"तारीख नाही घालत," वहिनी म्हणाली. "तुम्ही आधी त्यांना विचारा. एका कागदावर खरं लिहून देता का म्हणावं. एकच माणूस, काय होता, कसा गेला. लिहिलं तर राहू देत ते तिथे. नाही लिहिलं तर तारीख तुम्ही घाला."

"मी?"

"अक्षर तुमचं बरं आहे."

गुरुवारी ताई साहेबांसमोर उभी राहिली. तिने आधी चार ओळींची प्रत ठेवली, मग वहिनीच्या सहीचा कागद हातात धरून लांबूनच दाखवला. साहेबांनी प्रत घेतली आणि, हे त्यांच्या बाबतीत नवीनच होतं, शेवटपर्यंत वाचली.

"म्हणजे अकराच्या अकरा..." ते म्हणाले.

"शून्य. उद्या सकाळी तारीख घालून पाचही कॉलेजांना पाठवते. परिषदेत सांगा मग, प्रदेशातल्या संशोधनाची स्थिती."

"आणि तारकाचिन्ह?"

"तारकाचिन्ह घड्याळाच्या दुकानात मिळतं, साहेब. हवं तर डझनभर आणून देते."

साहेब खुर्चीत जरा खाली सरकले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा संचालकाचा न राहता एका थकलेल्या माणसाचा झाला. "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"परिपत्रक रद्द. टक्के रद्द. तारा रद्द. त्याजागी मी सांगते ते लिहा."

"मी?"

"अहवाल तुमचाच आहे ना? फक्त आतला मजकूर राहिला होता."

साहेबांनी कोरा कागद ओढला. ताई सांगत गेली, ते लिहीत गेले. 'गेल्या दहा वर्षांत या प्रदेशात या आजाराच्या एकाच रुग्णाचा पूर्ण अभ्यास झाला. उरलेले दहा लेख त्याच रुग्णावर आहेत. रुग्ण घड्याळदुरुस्तीचा व्यवसाय करणारा, वय बावन्न. निदानास काही महिने...'

"काही नाही. सात."

'...सात महिने उशीर झाला, कारण हा आजार येथे नसतो असा समज होता.'

"समज होता की आहे?" ताईने विचारलं.

साहेबांनी 'होता' खोडून 'आहे' केलं. "पुढे?"

"पुढे काय झालं ते लिहा."

'उपचारांदरम्यान प्रकृती खालावून...'

"साहेब, खालावून नको. वाक्य मोडा तिथे. नवीन वाक्य घ्या. रुग्णाचा मृत्यू झाला."

त्यांनी लिहिलं. मग त्यांनी ओळी मोजल्या. "दहा ओळी झाल्या. परिषदेला चाळीस पानांचं सांगितलंय. लोक विचारतील, बाकीचं कुठे आहे."

"विचारू देत. कुणी तरी विचारायलाच हवं. उरलेली पानं कोरी जोडा. कुणी किती काम केलंय ते तेवढंच बरोबर छापून येईल."

साहेबांनी हात पुढे केला. "बरं. आता तो सहीचा कागद द्या."

"छापून येऊ दे आधी."

"माझ्यावर विश्वास नाही?"

ताईने त्यांनी लिहिलेल्या कागदाचा खालचा कोपरा बोटाने दाखवला. तो मोकळा होता. "लेखकाचं नाव राहिलंय."

"ताई, याखाली माझी सही म्हणजे वरच्या साहेबांशी उघड उघड..."

"अकरा जणांनी केल्या की. एकानेही मागेपुढे पाहिलं नाही, आणि ते तर सगळं खोटं होतं."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. ताई समोरची खुर्ची ओढून बसली. चार वाजले होते आणि तिला कुठे जायची घाई नव्हती.